क्लासिक, प्रोसील की आय-जेल: एलएमए कसा निवडावा, कसा बसवावा आणि कुठे फसतो

इंदूरमधल्या एखाद्या मध्यम नर्सिंग होमच्या ओटीत भुलीच्या ट्रॉलीचा खण ओढला, तर साधारण तीन वस्तू हाताला लागतात. ऑटोक्लेव्ह होऊन होऊन पिवळट पडलेला सिलिकॉनचा क्लासिक एलएमए (लॅरिंजिअल मास्क एअरवे, भुलीत श्वासाची वाट उघडी ठेवणारा घशातला मास्क), पाकिटातला आय-जेल, आणि कुठे कुठे एखादा प्रोसील किंवा सुप्रीम. सगळे स्वरयंत्राच्या वर बसतात, म्हणून सगळ्यांना आपण सरसकट एलएमए म्हणतो. घोळाची सुरुवात तिथूनच होते, कारण एकाला जे झेपते ते दुसऱ्याला झेपत नाही.

हा मजकूर भूलशास्त्राच्या रेसिडेंटसाठी, नव्याने प्रॅक्टिसला लागलेल्या भूलतज्ज्ञांसाठी आणि त्यांच्या हाताशी उभ्या राहणाऱ्या ओटी टेक्निशियनसाठी आहे. हात मात्र वाचून बसत नाही. पहिले काही मास्क सिनिअर शेजारी उभे असतानाच घालायचे.

निवड करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. गॅस किती दाबापर्यंत बाजूने फुटणार नाही? आणि पोटातले वर आले, तर त्याला जायला वाट कुठे आहे? बहुतेक जण पहिल्याच प्रश्नाशी थांबतात. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९९ आहे, छाती हलते आहे, श्वासातल्या सीओटूचा ग्राफ चौकोनी आहे, म्हणजे सारे ठीक. पण ही तिन्ही लक्षणे पहिल्या प्रश्नाची उत्तरे आहेत. दुसऱ्याबद्दल ती अवाक्षर बोलत नाहीत.

कोणात काय आहे

आर्ची ब्रेन या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने १९८१ मध्ये लंडनला हा मास्क पहिल्यांदा वापरला आणि १९८८ पासून तो ब्रिटनच्या बाजारात आला. तोवर एक तर चेहऱ्यावरचा मास्क हाताने धरून बसायचे, नाही तर सरळ श्वासनलिकेत ट्यूब टाकायची. क्लासिक म्हणजे तोच मूळ घाट: एक नळी, पुढे लंबगोल वाटी, वाटीच्या कडेने हवेचा कफ. त्याचा सील साधारण १८ ते २० सेंमी पाण्याच्या दाबापर्यंत टिकतो. त्यापुढे गॅस तोंडातून फुसफुसतो किंवा अन्ननलिकेत शिरून पोट फुगवतो. पोटासाठी वेगळी वाट नाही. म्हणून उपाशीपोटी, सडपातळ, स्वतः श्वास घेणारा रुग्ण आणि तासाभराचे हातापायाचे किंवा वरवरचे ऑपरेशन एवढीच त्याची खरी जागा. स्तनातली गाठ, मनगटाची के-वायर (हाड जोडणारी तार), कॉडल (कमरेखालचा भाग बधिर करणारे इंजेक्शन) दिलेल्या मुलाचा हर्निया. या कामांत तो आजही छान चालतो. जुना म्हणून त्याला हिणवायचे कारण नाही.

प्रोसील २००० मध्ये आला. वाटी मोठी, मोठ्यांच्या मापांत पाठीमागेही कफ, आणि श्वासाच्या नळीशेजारून जाणारी दुसरी नळी. ही ड्रेन नळी वाटीच्या टोकाशी, म्हणजे बरोबर बसला तर अन्ननलिकेच्या तोंडाशी उघडते. सील साधारण ३० सेंमीपर्यंत जातो. वर आलेले पाणी याच नळीने बाहेर पडते, रायल्स ट्यूबही (पोटात जाणारी बारीक नळी) यातूनच आत जाते. बदल्यात घालणे थोडे किचकट. टोक मऊ असते आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून दुमडते.

सुप्रीम हा एकदाच वापरायचा, पीव्हीसीचा आणि आधीच वळण दिलेला. ड्रेन नळी त्यालाही आहे. सील प्रोसीलपेक्षा थोडा कमी, घालायला त्याहून सोपा. वरच्या ओठापाशी जी पट्टी येते तिच्यात आणि ओठात १ ते २.५ सेंमी अंतर राहिले पाहिजे. पट्टी ओठाला टेकली तर माप लहान निवडले गेले, फार दूर राहिली तर मोठे.

आय-जेल २००७ चा. त्यात कफच नाही. जेलसारख्या मऊ प्लास्टिकची वाटी घशाच्या आकारालाच घडवलेली असते. सील बहुधा २५ सेंमीच्या आसपास मिळतो. नवख्या हातानेही तो काही सेकंदांत बसतो, बाइट ब्लॉक (दातांना नळी चावू न देणारा कडक भाग) अंगचाच आहे, ड्रेन नळी आहे आणि धातू नसल्यामुळे एमआरआयलाही चालतो. क्लासिकच्या पायलट बलूनमधल्या (कफला जोडलेल्या बाहेरच्या छोट्या फुग्यातल्या) व्हॉल्वला मात्र बारीक धातूची स्प्रिंग असते. एमआरआयच्या खोलीत न्यायच्या आधी ती आठवावी. कफ नसल्याचा एक तोटाही आहे. लीक आला तर हवा भरून तो मिटवता येत नाही. जागा सुधारा किंवा माप बदला, तिसरा उपाय नाही.

आय-जेलची ड्रेन नळी अरुंद आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. ४ नंबरच्या आय-जेलमधून १२ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप) रायल्स जाते, ४ नंबरच्या प्रोसीलमधून १६ ची. थोडे पाणी वर आले तर दोन्ही निभावतात. लोंढाच आला तर अरुंद नळी तुंबते आणि उरलेले वाटीत शिरते. १ नंबरच्या, म्हणजे तान्ह्या बाळाच्या आय-जेलला तर ड्रेन नळीच नसते.

सील आणि पोटाची वाट या दोन्हींत क्रम लावायचा तर मोठ्या माणसांसाठी प्रोसील पहिला. हाताला सवय नसेल, वेळ नसेल किंवा संकट उभे असेल तर आय-जेल पहिला. एकच जात ठेवण्याइतकी जागा असेल तर आय-जेलची मापे ठेवा. ज्या ओटीत फक्त क्लासिक आहे तिथे एलएमएच्या केसेस कमी करणे हाच खरा उपाय.

रुग्ण निवडणे

ब्रिटनमधल्या वायुमार्गाच्या गुंतागुंतींचा नॅप-४ हा मोठा अहवाल २०११ मध्ये आला. भुलीदरम्यानच्या वायुमार्गाच्या मृत्यूंत सर्वांत मोठे कारण पोटातले फुफ्फुसात जाणे, अ‍ॅस्पिरेशन, हे होते. त्यातले बरेच रुग्ण मुळात एलएमएचे नव्हतेच. धोका दिसत असून पहिल्या पिढीचा, म्हणजे क्लासिकसारखा ड्रेन नळी नसलेला मास्क घातला गेला होता.

म्हणून उपासाची चौकशी नीट करावी, आणि ती इंदुरात जरा वाकडी वाट धरून करावी लागते. "खाना खाया क्या?" असे विचारले तर "नही, कुछ नही" असे उत्तर येते, आणि ते रुग्णाच्या लेखी खरेच असते. पोहे, शेव, जिलेबी याला इथे कुणी खाना धरत नाही. रामबागेतल्या आजींना "जेवलात का?" विचारले तरी तेच, सकाळचा दुधाचा चहा त्या मोजणारच नाहीत. तेव्हा प्रश्न असा करा: तोंडात शेवटचे काय गेले आणि किती वाजता? पाणी किंवा गाळलेला रस दोन तास, आईचे दूध चार तास, वरचे दूध आणि हलका नाश्ता सहा तास, तळलेले आणि तुपातले आठ तास. रात्री एक वाजता सराफ्यात गराडू खाऊन आलेला रुग्ण सकाळी आठच्या लिस्टला सात तासांचाच उपाशी आहे. त्याला मागे टाका. सर्जन कुरकुरेल, कुरकुरू द्या.

भरलेले पोट, आतड्याचा अडथळा, अपघातानंतर लगेचची केस, हायटस हर्निया, आडवे होताच घशाशी येणारे आंबट पाणी, दिवस भरत आलेली गर्भवती आणि फार स्थूल रुग्ण यांना ठरलेल्या ऑपरेशनसाठी एलएमए नको, ट्यूब घाला. वर्षानुवर्षांचा मधुमेह असेल तर पोट हळू रिकामे होते. तिथे घड्याळाचे तास पुरेसे नसतात. लॅप्रोस्कोपीत प्रोसील किंवा आय-जेल वापरणारे अनुभवी लोक आहेत आणि सडपातळ रुग्णात ते जमते. पण पोटात गॅस भरून डोके खाली केले की श्वासाचा दाब सहज २५ च्या वर जातो. शंभरेक सोप्या केसेस हातावेगळ्या होईपर्यंत नवख्याने या वाटेला जाऊ नये.

तोंड किती उघडते ते आदल्या दिवशीच पाहा. गुटखा आणि सुपारी माळव्यात घरोघरी आहे, आणि त्यामुळे गालाच्या आतला पडदा पांढुरका, चामड्यासारखा कडक होतो. दातांच्या फटीत रुग्णाची स्वतःची दोन बोटे मावत नसतील तर थांबा. दाढेच्या दुखण्याने मिटलेला जबडा भूल चढल्यावर सैल पडतो. सुपारीने आवळलेला पडत नाही, स्नायू शिथिल करणारे औषध देऊनही नाही. अशाला झोपवून मग मास्क शोधत बसणे म्हणजे स्वतः खोदलेल्या खड्ड्यात उडी. त्याची योजना जागेपणी फायबरऑप्टिकने (बारीक लवचिक दुर्बिणीने) ट्यूब घालण्याची.

माप

मापे वजनावर ठरतात, पण क्लासिक आणि आय-जेल यांचे वजनाचे कप्पे एकसारखे नाहीत. गल्लत इथेच होते.

क्लासिक, कंसात कफमध्ये जास्तीत जास्त किती हवा:
१ नंबर ५ किलोपर्यंत (४ मिली)
१.५ नंबर ५ ते १० किलो (७ मिली)
२ नंबर १० ते २० किलो (१० मिली)
२.५ नंबर २० ते ३० किलो (१४ मिली)
३ नंबर ३० ते ५० किलो (२० मिली)
४ नंबर ५० ते ७० किलो (३० मिली)
५ नंबर ७० ते १०० किलो (४० मिली)

आय-जेल, कंसात ओळखायचा रंग:
१ नंबर २ ते ५ किलो (गुलाबी)
१.५ नंबर ५ ते १२ किलो (निळा)
२ नंबर १० ते २५ किलो (राखाडी)
२.५ नंबर २५ ते ३५ किलो (पांढरा)
३ नंबर ३० ते ६० किलो (पिवळा)
४ नंबर ५० ते ९० किलो (हिरवा)
५ नंबर ९० किलोच्या पुढे (केशरी)

५५ किलोचा रुग्ण आय-जेलच्या ३ मध्येही बसतो आणि ४ मध्येही. बुटकी, लहान जबड्याची बाई असेल तर ३, रुंद हनुवटीचा पुरुष असेल तर ४. वजन चरबीचे असेल तर त्याला फसू नका. घसा चरबीने रुंद होत नाही. ठरवलेल्या मापाच्या वरचे आणि खालचे माप हाताशी असल्याशिवाय भूल सुरू करू नये.

घालण्याआधी

पुन्हा वापरायचा सिलिकॉनचा मास्क असेल तर नळी आतून उजेडात पाहा, मग वाकवून पाहा. १८० अंशांत वाकवताना दुमड पडली तर तो बाद. कफमधली हवा पूर्ण ओढा आणि पाहा, आपोआप परत फुगला तर व्हॉल्व किंवा कफ गळतो आहे. मग कमाल हवेच्या दीडपट भरा, म्हणजे ४ नंबरला ४५ मिली, आणि दोन मिनिटे ठेवा. एका बाजूला फुगवटा आला तर फेकून द्या. आय-जेलला एवढे सोपस्कार नाहीत. वाटीत काही अडकलेले नाही ना, जेलचा गोळा राहिला नाही ना, एवढे पाहायचे.

जेल पाण्यात विरघळणारे घ्या. बधिर करणारी लिग्नोकेन जेली लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, पण जागे होताना घशाच्या संरक्षणाच्या प्रतिक्रिया परत यायला तिने उशीर होतो. साधी केवाय जेली बरी. क्लासिक आणि प्रोसीलला फक्त पाठीमागे लावा. पुढून लावलेले जेल स्वरयंत्रावर पडते आणि स्पॅझमला, म्हणजे स्वरयंत्र आवळून बंद होण्याला, निमंत्रण देते. आय-जेलला पाठ, कडा आणि पुढची कड अशी सगळीकडे पातळ थर.

सक्शन चालू करून उशीखाली, ट्यूब, लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहायचे उपकरण) आणि स्नायू शिथिल करणारे सक्सामेथोनियम हाताशी. एलएमएची केस म्हणून ट्यूब कपाटात ठेवायची नसते.

भुलीची खोली

मास्क बसत नाही अशी तक्रार असते, तेव्हा निम्म्या वेळा दोष मास्कचा नसून भूल उथळ असल्याचा असतो. मोठ्यांना फेंटानिल १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति किलो, मग प्रोपोफॉल २ ते २.५ मिग्रॅ प्रति किलो. म्हाताऱ्यांना बरेच कमी आणि सावकाश, मुलांना ३ ते ४. थायोपेंटोनने डोळे मिटतात पण घसा जागाच राहतो, म्हणून या कामाला प्रोपोफॉलच. पापणी हलत नाही म्हणजे खोली आली असे समजू नका. जबडा दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहा. हातपाय हलले, कपाळ आक्रसले तर अजून वेळ आहे. २० ते ३० मिग्रॅ आणखी द्या आणि अर्धा मिनिट थांबा. ही अर्ध्या मिनिटाची घाई नंतर दहा मिनिटांच्या स्पॅझमने भरून द्यावी लागते.

बसवणे

डोक्याखाली छोटी उशी, मान किंचित पुढे, डोके मागे. क्लासिकची सगळी हवा काढून कड पाठीकडे वळेल अशी सपाट करा, चमच्यासारखी. पेन धरतात तसा धरा, तर्जनी नळी आणि वाटी यांच्या सांध्यावर. पाठ कडक टाळूला दाबून धरा आणि टाळूवरूनच मागे सरकवत न्या. हात खाली जिभेकडे गेला की जीभ मास्कपुढे गोळा होते आणि मग कितीही ढकला, उपयोग नाही. खाली ठाम अडसर लागला की दुसऱ्या हाताने नळी धरून तर्जनी काढा. आता नळी सोडून हवा भरा. नळी आपसूक एक-दीड सेंमी बाहेर येते, गळ्याचा पुढचा भाग किंचित फुगतो. हीच मास्क जागेवर गेल्याची खूण. हवा भरताना नळी दाबून धरणारा टेक्निशियन मदत करत नसतो, मास्क चुकीच्या जागी अडकवत असतो. नळीवरची काळी रेघ वरच्या ओठाच्या मधोमध हवी.

हवा सुरुवातीला कमाल आकड्याच्या निम्मीच भरा. ४ नंबरला १५ ते २० मिली बहुधा पुरते. कफचा दाब ६० सेंमी पाण्याच्या वर जाऊ नये. पायलट बलून बोटाने चिमटून दाब कळतो हा निव्वळ भ्रम आहे, मॅनोमीटर घ्या. जास्त हवेने सील सुधारत नाही. वाटी कडक होऊन उलट लीक वाढतो, घसा दुखतो आणि जिभेच्या नसा दबल्या तर जीभ बधिर राहते. नायट्रस (भुलीचा वायू) चालू असेल तर ते सिलिकॉनमधून कफात शिरते आणि दाब हळूहळू चढतो. दर अर्ध्या तासाने मोजा.

प्रोसील बोटानेही घालता येतो आणि सोबत येणाऱ्या धातूच्या इंट्रोड्यूसरनेही. टोक वारंवार दुमडत असेल तर ड्रेन नळीतून बूजी (लांब लवचिक सळी) घालून तिच्यावरून मास्क सरकवणे हा खात्रीचा मार्ग. बूजी अन्ननलिकेत लॅरिंगोस्कोपखाली, हलक्या हाताने.

आय-जेलला बोट तोंडात घालावे लागत नाही. बाइट ब्लॉकपाशी पकडा, वाटीचे तोंड हनुवटीकडे, टेक्निशियनने हनुवटी खाली दाबायची. कडक टाळूवरून मागे आणि खाली, एकाच सलग गतीने. मध्येच काहीतरी सुटल्यासारखे वाटते. वाटी टॉन्सिलच्या कमानींतून पार झाल्याचा तो भास. तिथे थांबू नका, शेवटचा ठाम अडसर येऊ द्या. तो आल्यावर आणखी ढकलू नका आणि वर-खाली हलवून जागा शोधू नका. मोठ्यांच्या मापांत दात बाइट ब्लॉकवरच्या आडव्या रेघेशी येतात. मग चिकटपट्टी गालापासून गालापर्यंत. आय-जेल ओलसर असतो आणि सुटला की वर सरकतो.

जीभ आड येत असेल तर जबडा पुढे ओढायला सांगा, किंवा मास्क ९० अंश आडवा करून जिभेच्या कडेने आत न्या आणि मग सरळ करा.

बसला की नाही

दोन-चार हलके श्वास द्या, सीओटूचा ग्राफ चौकोनी आहे का पाहा. मग लीक टेस्ट: फ्लो ३ लिटर, एपीएल व्हॉल्व (जादा दाब सोडणारी झडप) ३० वर, बॅग सोडा आणि दाब कुठे स्थिरावतो ते पाहा. तोंडाशी कान, पोटावर स्टेथोस्कोप. आवाज तोंडातून येतो तो आकडा तुमची कमाल मर्यादा. व्हेंटिलेटरचा दाब त्याच्या बराच खाली ठेवा. आवाज पोटावर ऐकू आला तर आकडा कितीही चांगला असो, मास्क बदला किंवा पुन्हा बसवा.

ड्रेन नळी असलेल्या मास्कची एक चाचणी फुकटची आहे आणि तरी फार कमी जण ती करतात. नळीच्या तोंडाशी अर्धा-एक मिली जेलचा थेंब ठेवा. श्वास देताना तो उडाला तर टोक अन्ननलिकेत नाही, स्वरयंत्रापाशीच आहे. गॅस त्या नळीने पळतो आहे. थेंब जागेवर राहिला की छातीच्या हाडावरच्या खळगीत बोटाने हलकेच टिचकी मारा. थेंब थरथरला तर टोक क्रिकॉइडमागे (स्वरयंत्राच्या कूर्चेच्या कड्यामागे) नीट बसले. अजिबात हलला नाही तर टोक दुमडल्याचा संशय घ्या, आणि खात्री रायल्सने करा. जेल लावलेली रायल्स अडखळत नाही, सरळ जाते. अडखळली तर जोर लावू नका, मास्क काढून पुन्हा घाला. प्रोसीलमध्ये बाइट ब्लॉकचा निम्म्याहून जास्त भाग दातांच्या बाहेर राहिला असेल तर तो पुरेसा खोल गेलेलाच नाही.

सक्शनची नळी थेट ड्रेनच्या तोंडाला जोडू नका. ओढ अन्ननलिकेच्या तोंडावर बसते आणि तिथे इजा होते. सक्शन रायल्समधूनच.

व्हेंटिलेटर लावायचा तर प्रेशर कंट्रोल, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) किलोमागे ६ ते ८ मिली. क्लासिकला शिखरदाब २० च्या आत, बाकीच्यांना शक्यतो २५ च्या आत.

बिघडले तर

टेबल वळवल्यावर किंवा रुग्णाची मान फिरवल्यावर नव्याने लीक आला तर आधी मान मूळ जागी आणा. मास्क बहुधा फिरलेला असतो. पट्टी सोडून मधोमध आणा, जबडा पुढे ओढा. तरीही फुसफुसत असेल तर भूल उथळ झाली का पाहा. उथळ भुलीत स्वरयंत्र मिटते, दाब चढतो आणि गॅस बाजूने फुटतो. कफात आणखी हवा भरण्याची पहिली ऊर्मी नेमकी चुकीची असते.

छाती हलत नाही, दाब चढला, ग्राफ सपाट. तीन शक्यता: एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचे झाकण) वाटीत दुमडले, टोक स्वरयंत्रातच गेले, किंवा स्पॅझम. पहिल्या दोन्हींवर उपाय एकच, मास्क पाच-सहा सेंमी वर ओढून पुन्हा खाली न्या, नाही तर काढून नव्याने घाला. स्पॅझममध्ये शंभर टक्के ऑक्सिजन, जबडा पुढे, सलग हलका दाब, सर्जनला हात थांबवायला सांगा, प्रोपोफॉल ०.५ मिग्रॅ प्रति किलो. सॅच्युरेशन उतरतच असेल तर सक्सामेथोनियम ०.५ ते १ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून, लहान मुलांना त्याआधी अ‍ॅट्रोपिन ०.०२ मिग्रॅ प्रति किलो.

ड्रेन नळीत हिरवट पाणी दिसले तर घाबरून मास्क उपटू नका. ड्रेन आपले काम करतो आहे. डोके खाली, ऑक्सिजन शंभर टक्के, भूल खोल, ड्रेनमधून रायल्स घालून पोट रिकामे करा. पाणी श्वासाच्या नळीत दिसले तर मात्र तिथूनही सक्शन, आणि ट्यूब घालण्याची तयारी लगेच. आधी मास्क काढला तर वाटीमागे साचलेले सगळे घशात येते, म्हणून ट्यूब आणि सक्शन हातात आल्याशिवाय तो हलवू नये.

तीन प्रयत्नांत बसला नाही तर चौथा नको. प्रत्येक प्रयत्नात काहीतरी बदललेले असले पाहिजे: माप, जात किंवा हात. ट्यूब जमली नाही म्हणून जीव वाचवायला एलएमए घालत असाल तर हिशेब आणखी कडक. अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तिथे दोनच प्रयत्न आहेत, आणि पसंती दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे ड्रेन नळीच्या मास्कला. त्यातून पुढे ट्यूब न्यायची असेल तर आय-जेलच्या ३ मधून ६, ४ मधून ७ आणि ५ मधून ८ नंबरची जाते, फायबरऑप्टिकने पाहत. आंधळेपणाने ढकलायची सोय आय-जेलमध्ये धरू नका. त्यासाठी फास्ट्रॅक हा वेगळा एलएमए बनवला आहे.

काढणे

मोठ्या माणसाला पूर्ण जागे झाल्यावर, सांगितल्यावर तोंड उघडेपर्यंत मास्क तसाच ठेवा. मधल्या काळात गालावर थापट्या, घशात सक्शन, हलवणे, काही नको. स्पॅझम यातूनच उठतो. हाक रुग्णाच्या भाषेत मारा. राजवाड्याजवळच्या मराठी काकांना "काका, आ करा" म्हटले की तोंड उघडते. देपालपूरकडून आलेल्या माणसाला तेच वाक्य मराठीत सांगून तो "अजून जागा नाही" असे ठरवू नका. "मुँह खोलो" म्हणा.

कफ फुगलेलाच ठेवून बाहेर काढला तर वर साचलेली लाळ त्याच्याबरोबर येते. आधी हवा काढली तर ती स्वरयंत्रावर ओघळते. क्लासिकला अंगचा बाइट ब्लॉक नाही, म्हणून दाढांमध्ये गॉझची घट्ट गुंडाळी शेवटपर्यंत हवी. तरुण, दणकट माणसाने नळी चावून बंद केली आणि जोरात श्वास ओढला तर काही मिनिटांत फुफ्फुसात पाणी उतरते. चावलाच तर जबडा उचकटत बसू नका, कफमधली हवा काढा. बाजूने थोडी वाट मिळते. आय-जेल चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

धुणे

सुप्रीम आणि आय-जेल एकदाच वापरायचे. ते धुऊन पुन्हा वापरले जातात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि किमतीचे कारणही खोटे नाही. पण लाळेतली प्रथिने धुऊन पूर्ण जात नाहीत. परवडत नसेल तर पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेला सिलिकॉनचा प्रोसील घ्या. केसमागे हिशेब केला तर तो महाग पडत नाही.

सिलिकॉनचा मास्क वापरल्यावर लगेच कोमट पाण्यात, खाण्याच्या सोड्याच्या ८ ते १० टक्के द्रावणात मऊ ब्रशने धुवा, ड्रेन नळीही आतून. सायडेक्समध्ये बुडवू नका. त्यातले ग्लुटाराल्डिहाइड सिलिकॉनमध्ये मुरते आणि पुढच्या रुग्णाचा घसा भाजते. इथिलीन ऑक्साइडही नको. ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याच्या अगदी आधी कफमधली शेवटची हवा ओढून घ्या. राहिलेली हवा उष्णतेने फुगते आणि कफ फाडते. तापमान १३५ अंशांच्या वर नको. कंपनी क्लासिकचे ४० वापर धरते, म्हणून प्रत्येक मास्कबरोबर येणाऱ्या कार्डावर दर वेळी एक खूण करायची. कार्ड हरवले असेल आणि मास्क किती वेळा वापरला हे कुणालाच सांगता येत नसेल, तर तो मास्क टाकून द्या.